किती वाजताचा उजेड हवाय?

छपराला भोक पाडायचं म्हटलं की जो तो एकच प्रश्न विचारतो: गळणार नाही ना? घरातले विचारतात, शेजारी विचारतात, रंगारी विचारतो, ज्याचा त्या घराशी काडीचा संबंध नाही तोही विचारतो. प्रश्न रास्तच आहे. पाऊस डोक्यावर येऊ नये म्हणून तर छप्पर घातलं, आणि आता त्यालाच हौसेनं छिद्र पाडायला निघालोय. पण या एका प्रश्नाच्या नादात दुसरा, जास्त अवघड प्रश्न विचारायचा राहून जातो असं माझं मत झालंय. गळतीवर उपाय आहेत. काम जाणणारा मिस्त्री, नीट वाकवलेला पत्रा आणि सलग कोरडं हवामान एवढं जुळलं की ती होत नाही, आणि झालीच तरी दुरुस्त करता येते. उजेडाचं तसं नाही. झरोका नको त्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या नको त्या उतरत्या बाजूवर, नको तेवढ्या आकाराचा बसला तर ऊन रोज त्याच सुमाराला त्याच जागी येऊन ठाण मांडणार. त्याबद्दल तक्रार कुणाकडे करणार?

म्हणून आधी ठरवावं ते हे, की आपल्याला किती वाजताचा उजेड हवाय.

आमच्याकडे अंधार होता जिन्याच्या वरच्या टोकाला आणि त्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत. दोन्हीकडे भिंती, खिडकीला जागाच नाही. भर दुपारी दिवा लावून पुस्तक शोधायचं. वर दोनपाखी, कौलारू, लाकडी वाशांचं छप्पर. उजेड यायचा तर वरूनच येणार हे उघड होतं.

वरचा उजेड हा खिडकीतल्या उजेडापेक्षा जातीनंच निराळा. ढगाळ आकाश आपल्याला सगळीकडे सारखंच करडं वाटतं, पण पूर्ण झाकोळलेल्या दिवशी मोजलं तर डोक्यावरचं आकाश क्षितिजाजवळच्या आकाशाच्या साधारण तिप्पट उजळ भरतं. उभ्या खिडकीच्या वाट्याला फार तर अर्धं आकाश येतं, आणि त्यातलाही बराचसा भाग खालचा, अंधुक. शिवाय समोरची भिंत, झाड, दुसऱ्याची गच्ची. आडव्या झरोक्यासमोर अख्खं आकाश मोकळं. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या काचेतून अशा दिवशी अडीच पट तरी उजेड आत येतो.

आणि बाहेर उजेड असतो तरी किती! लख्ख उन्हात जमिनीवर 1,00,000 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास, ढगाळ दुपारीसुद्धा 10,000 लक्सच्या घरात. वाचायला 300 ते 500 लक्स पुरतात. म्हणजे आपल्याला त्यातला चिमूटभर उजेडच हवा असतो. इथेच हौस आडवी येते. ‘करतोच आहोत तर मोठा करू या’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता त्याची धास्ती वाटते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा ढोबळ सल्ला असा आहे की खोलीला बऱ्यापैकी खिडक्या असतील तर झरोक्याचं क्षेत्रफळ जमिनीच्या 5 टक्क्यांहून जास्त नको, आणि खिडक्या अगदी कमी असतील तर 15 टक्क्यांपर्यंत चालेल. 10 चौरस मीटरच्या खोलीला 5 टक्के म्हणजे जेमतेम अर्धा चौरस मीटर. कागदावर हा आकडा कंजूष वाटतो. दुपारी बारा वाजता काचेखाली उभं राहिल्यावर वाटत नाही.

आता दिशा. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या पाख्यावरच्या झरोक्यातून शांत, सारखा उजेड येतो, चित्रकार पूर्वापार त्याच्या मागे असतात. पूर्वेचं पाखं सकाळ देतं, पश्चिमेचं तापलेली उतरती दुपार, दक्षिणेचं हिवाळ्यातलं हवंहवंसं ऊन. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण उलटं करून वाचायचं. पण हे एवढं सरळ नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो आणि काही काळ चक्क पलीकडच्या बाजूला जातो. शिवाय पाखं फारसं उतरतं नसेल तर उन्हाळ्यात ऊन कुठल्याही बाजूनं आत शिरतंच. आडव्या झरोक्याची तर खोडच अशी की उन्हाळ्यात, नको असतं तेव्हा, तो सगळ्यात जास्त ऊन आत घेतो आणि हिवाळ्यात हात आखडता घेतो.

हे सगळं वाचूनही माझ्या डोळ्यांपुढे काही उभं राहीना. तेव्हा मिस्त्रींनी एक साधी गोष्ट केली. कोरड्या दिवशी सकाळी छपरावर चढून, जिथे झरोका घ्यायचा मनात होतं तिथली काही कौलं त्यांनी सरळ उचलून बाजूला ठेवली. “ताई, आता दिवसभर इथेच बसा आणि बघा,” म्हणाले. मी खडू घेऊन बसले.

माळ्यावरच्या धुळीतून उन्हाची तिरकी पट्टी खाली आली आणि तिचा चौकोन भिंतीवर पडला. कडा मऊ होत्या, बोटभर रुंदीच्या पुसट पट्टीत उजेड हळूहळू अंधारात मिसळत होता. सूर्य बिंदू नाही, तबकडी आहे, त्यामुळे तीन मीटरवर ही पुसट कड साधारण तीन सेंटीमीटर रुंद होते. शेजारच्या दोन कौलांच्या फटीतूनही कवडसे पडले होते, आणि फटी कशाही वेड्यावाकड्या असल्या तरी ते कवडसे मात्र गोल होते. ती सूर्याचीच छोटी चित्रं. सूर्यग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात. मी चौकोनाच्या कडेला खडूनं रेघ ओढली आणि वर बघेपर्यंत कड रेघेच्या पुढे गेलेली. कवडसा सरकतो हे माहीत असतं, पण तो सरकताना दिसतो हे मला नवं होतं. हिशेब सोपा आहे: पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, त्यामुळे ऊन माथ्यावर असताना तीन मीटर उंचीवरच्या भोकाचा कवडसा जमिनीवर मिनिटाला साधारण सव्वा सेंटीमीटर चालतो. ऊन तिरपं असलं की त्याहून भरभर.

हेच वेड मोठ्या प्रमाणावर केलेलंही आहे. इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ ज्योव्हान्नी कास्सिनी यांनी 1655 साली छतात, जमिनीपासून सुमारे 27 मीटर उंचीवर, एक लहानसं भोक ठेवलं आणि खाली फरशीवर जवळजवळ 67 मीटर लांबीची मध्यान्हरेषा, म्हणजे भर मध्यान्ही कवडसा जिथे पडतो ती रेघ, आखली. त्या कवडशाचा व्यास वर्षभरात कसा बदलतो हे मोजून सूर्य कधी जवळ, कधी लांब असतो ते त्यांनी पाहिलं. मला एवढं काही शोधायचं नव्हतं. मला एवढंच कळलं की साडेदहाच्या सुमारास चौकोन पुस्तकांच्या कपाटावर चढतो आणि पाऊण तास तिथेच रेंगाळतो. कपाटातल्या पुस्तकांच्या कण्यांचा रंग उडवायला तेवढं पुरेसं. मग झरोका एक वासा अलीकडे घेतला. पाखं पूर्वेचंच ठेवलं, कारण आई सकाळी वर येऊन पेपर वाचते आणि दुपारनंतर तिकडे कुणी फिरकत नाही. असं कौलं उचलून बघणं स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या घरात शक्य नाही. तिथे सूर्याची दिशा दाखवणाऱ्या एखाद्या अॅपवर आणि कागदावरच्या रेघांवर भागवावं लागतं. पण भागवावंच. नुसत्या अंदाजानं भोक पाडू नये.

वेळ ठरली की काच. दुकानात गेलं की पहिल्यांदा मापं आणि रंग दाखवतात, पण खरं बघायचे असतात ते स्टिकरवरचे दोन-तीन आकडे. सूर्याची उष्णता किती आत येते याचा गुणांक 0 ते 1 मध्ये लिहिलेला असतो. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दुपारी माथ्यावरचं ऊन दर चौरस मीटरला सुमारे 1000 वॅट देतं. गुणांक 0.8 असेल तर एक चौरस मीटरच्या झरोक्यातून 800 वॅटचा हीटर छताला टांगल्यासारखा आहे, 0.3 असेल तर 300 वॅट. थंड मुलुखात पहिला आकडा बरा, उष्ण मुलुखात दुसरा. उजेड किती आत येतो याचा आकडा वेगळा असतो. चांगल्या लेपाच्या काचा उष्णता अडवून उजेड बऱ्यापैकी सोडतात, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचे. तिसरा यू-व्हॅल्यू, म्हणजे खोलीतली ऊब काचेतून किती निसटते. साध्या एकेरी काचेचा 5.8 च्या आसपास, मध्ये हवेची पोकळी असलेल्या दुहेरी काचेचा त्याच्या निम्मा. एक मेख आहे: हा आकडा सहसा काच उभी धरून काढलेला असतो. काच आडवी केली की पोकळीतली हवा जास्त घुसळते आणि आकडा वाढतो.

उष्णता अडवायची तर ती काचेच्या बाहेरच अडवलेली बरी. आतून पडदा लावला तर ऊन आधी आत येतं आणि मग पडद्यावर तापतं. बाहेरून जाळी किंवा शटर लावलं तर बराचसा हिशेब बाहेरच मिटतो. सगळ्यात देखणा उपाय मात्र ऊन अंगावर न घेता छतावर परतवण्याचा. अमेरिकेतल्या फोर्ट वर्थच्या किम्बेल कलासंग्रहालयात, 1972 साली उघडलेल्या इमारतीत, वास्तुकार लुई कान यांनी कमानदार छताच्या माथ्यावर लांब फट ठेवली आणि तिच्याखाली बारीक छिद्रांचे अॅल्युमिनियमचे पंख टांगले. उजेड त्या पंखांवर आपटून पुन्हा वर, काँक्रीटच्या कमानीवर पसरतो आणि राखाडी काँक्रीट चांदीसारखं दिसतं. घरात एवढा थाट जमणार नाही, पण तत्त्व जमतं. छत आणि छप्पर यांच्यामधली जी विहीर तयार होते, तिच्या भिंती सरळसोट न ठेवता खाली फाकवायच्या आणि बिनचमकीचा पांढरा रंग द्यायचा. खोल, अरुंद, सरळ विहिरीत अर्धाअधिक उजेड भिंतींवरच जिरतो. आमच्या सुतारानं ‘फाकवलं की वेळ जास्त लागेल’ म्हणून कुरकुर केली. लागला वेळ, पण त्याचं चीज झालं.

काच की पॉलिकार्बोनेट, हा वाद मिस्त्रींशी बराच रंगला. काच जड: 1 चौरस मीटरची 1 मिलिमीटर जाडीची काच अडीच किलो, म्हणजे 6 मिलिमीटरच्या दोन काचांचं वजन चौरस मीटरला 30 किलो. पॉलिकार्बोनेट उचलायला हलकं, सहसा फुटत नाही, स्वस्तही. पण उन्हानं पिवळं पडतं, म्हणून त्याच्या एका बाजूला अतिनील किरण अडवणारा थर असतो आणि ती बाजू वर ठेवायची असते. संरक्षक कागद काढून टाकल्यावर वरची बाजू कुठली ते ओळखता येत नाही, तेव्हा आधीच खूण करून ठेवावी. शिवाय ते उन्हात काचेच्या सातपट तरी ताणतं. 2 मीटरचा पत्रा 40 अंशांच्या फरकानं 5 मिलिमीटरहून जास्त वाढतो. स्क्रूचं भोक घट्ट असेल तर पत्रा कुरकुरतो आणि भोकापाशी तडकतो. पावसाचा आवाजही मोठा. काहींना तो आवडतो. आईला फोनवर बोलताना आवडला नसता, म्हणून आम्ही काच घेतली: बाहेरून कडक केलेली, आतून लॅमिनेटेड. डोक्यावरच्या काचेत आतली काच लॅमिनेटेडच हवी, यावर तडजोड नाही. ती तडकली तरी तुकडे मधल्या पापुद्र्याला चिकटून राहतात, खाली बसलेल्याच्या डोक्यावर पडत नाहीत.

नळीचा झरोका हाही पर्याय होता. छपरावर छोटा घुमट, आत आरशासारखी नळी, छताला गोल तावदान. वासा कापावा लागत नाही, हे त्याचं मोठं सुख. नळीच्या आतला लेप मात्र नीट बघून घ्यावा: शंभरातले 98 किरण परतवणारा लेप असेल तर दहा वेळा आपटूनही 82 उरतात, 90 परतवणारा असेल तर जेमतेम 35. नहाणीघराला, कोठीला उत्तम. पण त्यातून आकाश दिसत नाही, ढग सरकताना दिसत नाही. मला आकाशही हवं होतं. अर्थात हा भरल्या पोटीचा हट्ट. ब्राझीलमधल्या आल्फ्रेदो मोझेर या मेकॅनिकनं 2002 च्या सुमारास, वीज सारखी जात असताना, पाणी आणि थोडं ब्लीच भरलेली प्लास्टिकची बाटली पत्र्याच्या छपरात अर्धी आत, अर्धी बाहेर अशी बसवली. पाण्यातून वाकून ऊन खोलीभर पसरतं. पुढे फिलिपिन्ससह अनेक देशांत ती युक्ती हजारो झोपड्यांत पोचली. झरोक्याची इतकी स्वस्त आणि इतकी चपखल आवृत्ती दुसरी नसावी.

आता गळतीकडे, कारण ती टाळता येत नाही. वासा कापायचा असेल तर त्याचा भार शेजारच्या वाशांवर द्यायला भोकाच्या वर आणि खाली आडवी लाकडं ठोकावी लागतात. कारखान्यात जोडून आलेल्या त्रिकोणी कैच्या असतील तर त्यांच्या एकाही लाकडाला इंजिनिअरला विचारल्याशिवाय करवत लावायची नाही. स्लॅब तर नाहीच, त्यात सळया असतात. आमचा वासा कापून झाला, आडवी लाकडं बसली, त्यावर छपराच्या पातळीपासून वीतभर उंच चौकट उभी राहिली. मग पत्रा.

पत्र्याचं काम मी शिडीवरून पाहिलं आणि मला ते सगळ्यात आवडलं. आधी खालच्या बाजूची झालर, ती खालच्या कौलांवर पसरलेली. मग बाजूंचे काटकोनी तुकडे, खालून वर, कौलांच्या प्रत्येक ओळीला एक: तुकडा, त्यावर कौल, पुढचा तुकडा मागच्याच्या डोक्यावर चढवलेला, त्यावर पुढचं कौल. सगळ्यात शेवटी वरचा पत्रा, मधोमध उंचवटा देऊन, म्हणजे वरून येणारं पाणी आणि पाचोळा दोन्हीकडे फुटून जावा. प्रत्येक वरचा थर खालच्यावर. उलटा झाला की रेनकोट पँटच्या आत खोचल्यासारखं होतं, कापड कितीही भारी असो. मी सिलिकॉनबद्दल विचारलं तर मिस्त्री नाखुशीनं म्हणाले, “लावतो, पण त्याच्या भरवशावर नाही. ते उन्हानं आज ना उद्या सुटणारच. पत्रा नीट बसला असेल तर ते सुटलं तरी काही होत नाही.”

चौकटीच्या खालच्या कडेला दोन बारीक भोकं दिसली. ती बुजवायची नाहीत. थंडीत आतली दमट हवा काचेला लागून पाणी होते, ते पन्हळीत जमून त्या भोकांवाटे बाहेर जातं. गळतंय गळतंय म्हणून ओरड होते तेव्हा पुष्कळदा हे दवच असतं. मग कुणीतरी घाबरून सीलंटची नळी घेऊन वर चढतो, ती भोकं बुजवतो, आणि तेव्हापासून खरंच गळायला लागतं. चाचणीही खालून वर करायची: पाइपचं पाणी आधी झालरीवर सोडायचं, थोडं थांबायचं, मग बाजूंवर, मग माथ्यावर, आणि दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बघत बसायचं. वरूनच सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही.

गळतीचा सगळ्यात बेफिकीर तोडगा मात्र रोममधल्या पँथिऑनचा. सुमारे 43 मीटर व्यासाच्या घुमटाच्या माथ्यावर 8 ते 9 मीटरचं भोक, इसवी सन 126 च्या आसपासपासून उघडंच. पाऊस आत पडतो. फरशीला मध्ये किंचित फुगवटा आहे आणि पाणी जायला बारीक भोकं आहेत, बस्स. 

बसवल्यानंतरच्या गोष्टी कुणी सांगत नाही. काचेवर धूळ बसते आणि पक्षी आपली सही करून जातात. उतार बरा असेल तर पाऊस बरंचसं धुऊन नेतो. छपरावर दुसऱ्या कुठल्या कामासाठी चढणाऱ्या प्रत्येकाला झरोका दाखवून द्यावा लागतो, कारण जुन्या प्लास्टिकच्या झरोक्यांवर पाय पडून माणसं खाली गेलेली आहेत. आणि आई पेपर घेऊन ठरल्या जागी बसत नाही. ती कवडशाच्या कडेला खुर्ची ठेवते आणि तो पुढे गेला की खुर्ची मागोमाग ओढत नेते.

भावाला आता त्याच्या झोपायच्या खोलीत झरोका हवाय, रात्री चांदण्या बघायला. मी विरोधात आहे. काच पुसलेली असेल आणि बाहेर रस्त्यावरचे दिवे नसतील तरच चांदण्या दिसणार. उन्हाळ्यात पहाटेचा उजेड मात्र न चुकता दिसणार, आणि तो रात्री दोनला झोपणारा माणूस आहे. म्हणजे जाड पडदा आला, आणि पडदा ओढून ठेवायचा तर भोक कशाला? त्याच्या नहाणीघराला खिडकी नाही, तिथे वाफ कोंडते. उघडणारा झरोका तिथे बसवला तर गरम हवा आपोआप वर निघून जाईल. पाखं पश्चिमेचं आहे, तेव्हा काच कमी उष्णता घेणारी लागेल. मिस्त्री मोजमाप घेऊन गेलेत. भाऊ अजून चांदण्यांवर अडून बसलाय.